काळ्या पाषाणातला ओपल

वाशीम जिल्ह्यात विहीर खणताना काळी माती संपली की मुरूम लागतो, मग कुठे मांजऱ्या, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा खडक, कुठे थेट काळा पाषाण. मांजऱ्यातले पांढरे-हिरवट ठिपके म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातले बुडबुडे. लाव्हा थिजला, पोकळ्या राहिल्या. झिरपत्या पाण्यातल्या खनिजांनी त्या सावकाश भरल्या. कुठे झिओलाइट बसलं, कुठे अकीक, गारगोटी, आणि दख्खनच्या या खडकात कधीमधी ओपलही.

गारगोटी आणि ओपल, दोन्ही सिलिकाच. पण गारगोटी स्फटिक बनते, ओपल बनत नाही. त्यात सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी, बहुधा ६ ते १० टक्के. म्हणून तो हलका आणि नाजूक. मोहसच्या मापावर त्याची कठीणता ५.५ ते ६.५, धुळीतल्या गारेच्या कणानंही त्यावर ओरखडा उठतो.

मग रंग कुठून येतात? १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून याचा उलगडा केला. मंगरूळपीरच्या बाजारात संत्री थरावर थर रचतात तसे हे गोळे एकसारखे आणि नीट रचलेले असले, तर प्रकाश त्यांच्यातून फुटून सप्तरंग दिसतात. गोळ्यांचा व्यास साधारण १५० ते ३०० नॅनोमीटर. मोठ्या गोळ्यांतून तांबडा निघतो, लहानांतून निळा. रचना विस्कटली की उरतो दुधी, मुका दगड. दख्खनमध्ये सापडतो तो बहुतेक हाच साधा ओपल. मला या खड्याचं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं: द्रव्य तेच, पाणी तेच, मोल सगळं रचनेचं.

ते मोलही थोडंथोडकं नाही. ऑस्ट्रेलियातल्या लायटनिंग रिजचा उत्तम काळा ओपल कॅरेटला हजारो डॉलरला जातो. त्याच देशातल्या कूबर पेडीला १९१५ साली ओपल सापडला; तिथे उन्हाच्या काहिलीमुळे माणसं जमिनीखाली घरं कोरून राहतात. इथिओपियाच्या वोलो भागात २००८ मध्ये मोठा साठा मिळाला, तो ज्वालामुखीच्या खडकात. तो ओपल पाणी शोषतो, म्हणून भिजवू नये.

आपल्याकडे ओपल मागतात तो शुक्राचा खडा म्हणून. घेताना तो कडेनं पाहावा. सरळ जोडरेघ दिसली तर वर ओपलची पातळ चकती आणि खाली दुसराच दगड चिकटवलेला असू शकतो. त्याला डब्लेट म्हणतात. त्याला अस्सल अखंड खड्याचा भाव देऊ नये.

वाशीमच्या दगडखाणी गिट्टीसाठी चालतात. सुरुंग उडतो, क्रशर फिरतो आणि पोकळ्यांतलं सगळं भरडलं जातं. जळगाव-पुण्याकडचे झिओलाइटचे स्फटिक मात्र जगभरच्या संग्रहालयांत पोचले. सिन्नरला तर ‘गारगोटी’ नावाचं खनिज संग्रहालयच आहे. वाशीमच्या दगडाकडेही तशा नजरेनं पाहायला हवं. खाणीत मेणचट चकाकीचा दुधी तुकडा दिसला तर तो फोडू नये, उन्हातही टाकू नये. सावलीत काही महिने हळूहळू सुकू द्यावा. पाणी उडताना तडा गेला नाही, तरच घासायला घ्यावा.