जोते, फलाट आणि प्रवासी

जुन्या रेल्वे स्थानकाचे पुनरुज्जीवन हे वाड्याच्या किंवा मंदिराच्या जीर्णोद्धाराहून अवघड असते, कारण काम चालू असताना गाड्या थांबवता येत नाहीत आणि काम संपल्यावरही त्या वास्तूला रोजच्या गर्दीचा भार पेलावाच लागतो. अशा ठिकाणी नेमके काय जपायचे, हे स्थानकाचे जुनेपण कशात साठले आहे यावर अवलंबून असते. पिंपरी-चिंचवडच्या लोहमार्गाकडे पाहताना हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो.

दगडी वास्तूच्या जतनाचा आदर्श म्हणून मुंबईतील भायखळा स्थानकाकडे पाहता येते. १८५७ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या इमारतीचे काम २०१९ मध्ये ‘आय लव्ह मुंबई’ या संस्थेने वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली हाती घेतले, त्यासाठी आकुर्डीच्या कारखान्यामुळे पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्याला परिचित असलेल्या बजाज समूहाच्या न्यासाने साहाय्य केले, आणि २०२२ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला.

अशा कामातील मूळ तत्त्व साधे आहे. जुन्या भिंतीतील दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याने भरलेले असतात. चुना भिंतीत मुरलेली ओल हळूहळू बाहेर सोडतो, तर सिमेंटचा कठीण थर ती आतच कोंडतो आणि ओलीबरोबर आलेले क्षार दगडाचा पृष्ठभाग सोलून काढतात. त्याहून बिकट प्रश्न फलाटाचा असतो. आजच्या डब्यांत सहज चढता यावे म्हणून उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटरवर ठेवला जातो. परंतु जुना फलाट तेवढा उचलला की इमारतीचे जोते, म्हणजे जमिनीवर दिसणारा पायाचा भाग, त्यात गडप होते, दारे ठेंगणी होतात आणि पावसाचे पाणी उंबऱ्याकडे वळते. म्हणून इमारतीलगतची पातळी जुनीच ठेवून कडेकडे हलका चढ देणे आणि मधोमध निचऱ्याची नाली काढणे हितावह ठरते.

पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र जुनेपण इमारतींपेक्षा मार्गात अधिक आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा खंडाळा ते पुणे हा टप्पा १८५८ मध्ये खुला झाला, आणि बोरघाटातील दुवा १८६३ मध्ये जुळेपर्यंत प्रवाशांना मधला घाट पालखीने, तट्टावरून किंवा बैलगाडीने पार करावा लागे. या मार्गालगत १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला, पुढच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली, १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका आली. गावांसाठी आखलेली स्थानके अशा रीतीने कामगारांच्या पाळ्यांची प्रवेशद्वारे बनली आणि शहर रुळांच्या दोन्ही अंगांना पसरले.

‘अमृत भारत स्थानक योजने’त स्थानकासाठी दीर्घकालीन आराखडा करून त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी करण्याची आणि शहराच्या दोन्ही बाजू स्थानकाने जोडण्याची अपेक्षा आहे. ६ ऑगस्ट २०२३ रोजी पायाभरणी झालेल्या देशातील ५०८ स्थानकांत आकुर्डी आणि तळेगाव यांचा समावेश होता. सरकते जिने, उद्वाहने, प्रतीक्षालये यांचे महत्त्व उघड आहे, परंतु या पट्ट्यातील प्रवाशाची अडचण फलाटाबाहेर पडल्यावर सुरू होते. उदाहरणार्थ, चाकणला रेल्वे नाही. तेथील कारखान्यांकडे जाणाऱ्याला कासारवाडीला उतरून नाशिक फाटा गाठावा लागतो किंवा तळेगावहून रस्त्याने जावे लागते. कासारवाडी स्थानकाजवळून मेट्रोही जाते, त्यामुळे लोकल, मेट्रो आणि बस यांच्यामधले चालण्याचे अंतर, त्यावरील छप्पर आणि रात्रपाळी सुटल्यावर लागणारा उजेड हे स्थानकाचेच भाग मानले पाहिजेत.

भायखळ्याला दगड वाचवणे म्हणजे स्थानक वाचवणे होते. येथे जपायची गोष्ट आहे ती दीड शतकापासून चाललेली वहिवाट. त्यामुळे दर्शनी भागाचा रंग निवडण्याआधी पादचारी पुलाचे दुसरे टोक कोणत्या रस्त्यावर उतरणार, हे निश्चित झालेले बरे.