मिठाचा खडा, पिवळा दिवा आणि आपला विद्यार्थी

दलित समाजातला मुलगा वा मुलगी अभियांत्रिकीला लागली की वस्तीत पेढे वाटले जातात. प्रवेशाचा आनंद आपण साजरा करतो. पण पहिल्या वर्षी त्यांच्या हाती नेमके काय दिले जाते याची चौकशी सहसा करीत नाही. कधी ‘अप्लाइड फिजिक्स’ तर कधी ‘इंजिनिअरिंग फिजिक्स’ या नावाने येणारा विषय, म्हणजे उपयोजित भौतिकशास्त्र, पुष्कळांना पहिल्याच वर्षी केटीच्या रांगेत उभा करतो. हा विषय अवघड आहे, आपल्या मुलांना झेपत नाही, असा निकाल मग बाहेरचे लोक देतात आणि हळूहळू घरातलेही देऊ लागतात. हा निकाल तपासून पाहिला पाहिजे.

नेरूळचेच उदाहरण घेऊ. रामराव आदिक, तेरणा, एसआयईएस अशी अभियांत्रिकीची महाविद्यालये या एका नगरात आहेत. मानखुर्द-गोवंडीपासून पनवेलपर्यंतची मुले हार्बरच्या गाडीने इकडे येतात. ज्या जमिनीवर ती शिकतात ती बेलापूरपट्टीची, खाडीकाठची, भातशेतीची आणि मिठागरांची. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि या पट्ट्यात नवे नगर वसले. या पट्ट्यातल्या कष्टकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवले. त्याच मिठाने उपयोजित भौतिकशास्त्राचा एक महत्त्वाचा धडा सुरू होतो: स्फटिकांची रचना.

मिठाचा दाणा भिंगाखाली पाहिला की तो चौकोनी घनाकार दिसतो. तो असा का? कारण आत सोडियम आणि क्लोरीन एकाआड एक, बुद्धिबळाच्या पटासारखे, पण तिन्ही दिशांना मांडलेले असतात. त्या मांडणीतल्या लहानात लहान घनाची कड साध्या हिशेबाने निघते. एक घन सेंटिमीटर मिठाचे वजन सुमारे २.१६ ग्रॅम असते. ५८.५ ग्रॅम मिठात सोडियम-क्लोरीनच्या जोड्या किती असतात ते ॲव्होगॅड्रोच्या अंकावरून कळते. एका घनात चार जोड्या बसतात. भागाकार करून घनमूळ काढले की कड येते ५.६४ अँगस्ट्रॉम, आणि एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. तराजू आणि गणित एवढ्या सामग्रीवर माणूस अणूंमधले अंतर सांगू शकतो. १९१३ साली ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाची ही रचना उलगडली. १९१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा मुलगा पंचवीस वर्षांचा होता.

आता प्रयोगशाळेत जाऊ. तिथे सोडियमचा पिवळा दिवा असतो. सपाट काचेवर किंचित फुगीर भिंग ठेवायचे. दोहोंमध्ये हवेचा पातळ थर राहतो. त्या थराच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. कुठे एकमेकांना बळ देतात, कुठे एकमेकांना पुसून टाकतात. त्यामुळे काळी आणि पिवळी वर्तुळे दिसतात. यांना न्यूटनची कडी म्हणतात. सूक्ष्मदर्शक सरकवीत काळ्या कड्यांचे व्यास मोजायचे. कड्याच्या क्रमांकाबरोबर व्यासाचा वर्ग सारख्या प्रमाणात वाढतो. या वाढीला भिंगाच्या वक्रतात्रिज्येच्या चौपटीने भागले की पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी मिळते: ५८९३ अँगस्ट्रॉमच्या आसपास. केसाच्या जाडीचा जवळजवळ शंभरावा भाग विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने मोजलेला असतो. त्यासाठी कोणा अधिकारी पुरुषाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही.

या विषयाचे आपल्या दृष्टीने खरे मोल इथे आहे. जात केवळ कामाची वाटणी करत नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. त्या वाटणीत हाताने राबणाऱ्याला विचाराचा अधिकार नव्हता आणि विचार करणाऱ्याला हात मळवण्याची लाज होती. उपयोजित भौतिकशास्त्रात हात आणि मेंदू एकत्र आल्याखेरीज पाऊल पुढे पडत नाही.

प्रत्यक्षात मात्र ठिकठिकाणी उलटे घडते. जर्नल आधीच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवले जाते, ‘रीडिंग’ उत्तराकडून मागे भरली जातात, एका उपकरणापाशी सहाजण उभे राहतात आणि त्यातला एक हात लावतो. हे कोणा एका महाविद्यालयाचे वैगुण्य नव्हे, रुळलेली रीत आहे. ही पोथी नकलण्याचीच परंपरा, फक्त पोथीला आता पुठ्ठ्याचे वेष्टन आहे. ज्याच्या घरी सांगणारा कोणी आहे, शिकवणीचे पैसे आहेत, तो या रीतीतूनही तरून जातो. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा हाच एकमेव आधार असतो आणि तोच काढून घेतला जातो. त्यात मराठी माध्यमातून आलेल्याला ‘इंटरफिअरन्स’ हा शब्द अडतो, कल्पना अडत नाही. तळ्यात दोन खडे टाकले की तरंग एकमेकांत कसे मिसळतात हे त्याने लहानपणीच पाहिलेले असते. ते त्याला कोणी जोडून दाखवत नाही.

मेघनाद साहांचे चरित्र या संदर्भात आठवावे. १८९३ साली ढाक्याजवळच्या खेड्यात एका किरकोळ दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. ते अस्पृश्य नव्हते. पण त्यांची जात हलकी मानली जाई आणि कलकत्त्याच्या वसतिगृहात त्यांना सवर्ण विद्यार्थ्यांच्या पंक्तीला बसू दिले जात नसे. याच साहांनी १९२० साली, ताऱ्यांच्या तापमानात अणूंमधून इलेक्ट्रॉन किती प्रमाणात निसटतात, याचे समीकरण मांडले आणि ताऱ्यांचा प्रकाश वाचण्याची किल्ली जगाला दिली. पुढे १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर नेमलेल्या चौकशी समितीत ते होते. त्याच दामोदर खोऱ्याच्या योजनेला मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी १९४४-४५ मध्ये चालना दिली. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. पाणी आणि वीज हे बाबासाहेबांच्या लेखी मुक्तीचे प्रश्न होते. ज्यांना तळ्याचे पाणी नाकारले गेले त्यांच्या नेत्याने अख्ख्या नदीचा विचार केला. तो विचार भौतिकशास्त्राखेरीज पुरा होत नाही.

तेव्हा करायचे काय? कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी एक तराजू, दोन भिंगे, एक मल्टिमीटर आणि थोडी तार ठेवावी. वरच्या वर्षातल्या मुलामुलींनी आठवड्यातून एक संध्याकाळ पहिल्या वर्षाच्या मुलांना द्यावी. कल्पना मराठीत उलगडावी आणि इंग्रजी संज्ञा तिथेच पक्की करून घ्यावी, कारण परीक्षा इंग्रजीत आहे. शिक्षकांनी चुकलेले पण स्वतः घेतलेले रीडिंग, नकललेल्या बरोबर रीडिंगापेक्षा मोलाचे मानावे आणि तसे गुण द्यावेत. आणि विद्यार्थ्यांनी उपकरणापाशी मागे उभे राहू नये. पुढे व्हावे, स्क्रू स्वतः फिरवावा, आकडा स्वतः वाचावा. चवदार तळ्यावरही आपण कोणी ओंजळ भरून देईल म्हणून थांबलो नव्हतो.