‘गुड न्यूज’ कधी?

मुलं न होऊ देता कुत्री-मांजरं पाळणं हा एक प्रकारचा स्वार्थीपणा आहे, असं तेव्हाचे पोप फ्रान्सिस २०२२च्या जानेवारीत म्हणाले आणि जगभरातले पेट लव्हर्स खवळले. आपल्याकडेही ‘आमचा ब्रुनो हेच आमचं बाळ’ म्हणणारी जोडपी काही कमी नाहीत! पण पोपना हे इतकं का लागावं? मला ते उमगलं वसईच्या एका मैत्रिणीमुळे.

ती कॅथलिक, वय २९, नोकरी अंधेरीला. डिसेंबरात लग्न. त्याआधी चर्चचं विवाहपूर्व शिबिर करावं लागतं. तिथे तिला टेन्शन आलं ते एका प्रश्नाचं. लग्नविधीत फादर दोघांना विचारतात, देव देईल ती मुलं प्रेमाने स्वीकाराल ना? सगळ्या पाहुण्यांसमोर ‘हो’ म्हणायचं. आणि इथे डोक्यावर नव्या फ्लॅटचा ईएमआय!

हा प्रश्न रीतीपुरता नाही बरं का. मूल कधीच नको असं मनाशी पक्कं ठरवून ‘हो’ म्हटलं, तर चर्चच्या कायद्याने ते लग्नच रद्दबातल ठरू शकतं. उलट, मूल होऊ शकत नसेल तर लग्नाला काहीच बाध येत नाही. हे मला जाम आवडलं. मूल नाही म्हणून सुनेला ऐकवणाऱ्या किती घरांना हे पटेल?

कारण मूल ही देणगी. ती झिडकारायची नाही, तशी हक्काने वसूलही करायची नाही. म्हणूनच कॅथलिक चर्चला आयव्हीएफ मंजूर नाही. इथे मात्र माझी गाडी अडते. वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या जोडप्याला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

गोळ्या आणि कंडोमला पोप सहावे पॉल यांनी १९६८मध्ये ‘ह्युमाने व्हिते’ या परिपत्रकातून ठाम नकार दिला. सगळेच ख्रिस्ती असं मानत नाहीत. अँग्लिकन बिशपांनी १९३०मध्येच काही अटींवर संततिनियमनाला वाट करून दिली होती. केरळच्या पाला धर्मप्रांताने तर २०२१मध्ये पाच किंवा जास्त मुलं असलेल्या कुटुंबांना दरमहा १५०० रुपये जाहीर केले. तेवढ्यात मुंबईत पाळणाघरही मिळत नाही, हा भाग वेगळा!

मग काय, दरवर्षी पाळणा? तसंही नाही. चांगला कॅथलिक व्हायला सशांसारखी पिल्लावळ लागत नाही, हेही फ्रान्सिसच म्हणाले होते, २०१५मध्ये. रास्त कारण असेल तर पाळीचं चक्र पाहून दोन मुलांत अंतर ठेवता येतं, पहिलं लांबवताही येतं.

मैत्रिणीने शिबिरात सरळ विचारलं, ‘फादर, तीन वर्षं थांबलो तर?’

‘कारण दोघांनी मिळून ठरवा. एकट्या ईएमआयला ठरवू देऊ नका,’ फादर म्हणाले. हॉलमध्ये हशा पिकला.

त्याच संध्याकाळी होणाऱ्या नवऱ्याने थर्मामीटर आणला. रोज पहाटे अंथरुणातून उठण्याआधी तापमान टिपायचं असतं. लोकलच्या कृपेने ती तशीही पाचलाच जागी होते.