जुन्या जास्वंदीची छाटणी

1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, पुढे चिंचवड-भोसरीचा माळ कारखान्यांनी व्यापला, आणि त्यांच्या आधाराने वसाहती वाढल्या. तेथील जुन्या अंगणांतून कोणा आजीबाईंनी लावलेली जास्वंद अजूनही दृष्टीस पडते. पण खाली चार-पाच उघडेबोडके सोट, वर गच्चीला भिडलेला पाल्याचा झुपका, आणि फूल एखादेच, तेही हात न पोहोचेल अशा जागी. घराची डागडुजी निघाली की तिला उपटून टाकण्याचा विचार हमखास पुढे येतो. श्रोतेहो, तो अमलात आणण्यापूर्वी खोडाची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा पापुद्रा दिसला, तर कुदळीऐवजी करवत आणावी.

जास्वंदीला फूल येते ते नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत. जुने लाकूड फुलत नाही. म्हणून न छाटलेल्या झुडपाचा फुलोरा वर्षानुवर्षे वर वर सरकत जातो. मात्र त्या लाकडात निद्रिस्त डोळे असतात. शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन नावाचे द्रव्य खाली उतरून त्यांना दडपून ठेवते. शेंडा उतरवला की ते जागे होतात.

वेळ कोणती? चिंचवडच्या मोरया गोसावींच्या देवस्थानाची पालखी माघात व भाद्रपदात मोरगावास जाते. माघातली पालखी परतली, थंडी ओसरली, की छाटणी करावी. म्हणजे भाद्रपदापर्यंत नवी फूट फुलावर येण्यास पुरेसा अवकाश मिळतो.

सगळे झुडूप एकदम भुईसपाट करण्याचा मोह मात्र आवरावा. पाने हीच झाडाची रसोई; ती समूळ गेली तर मुळांतल्या साठ्यावरच सारा भार पडतो, आणि उघडी पडलेली साल चैत्राच्या उन्हात करपते. प्रथम वाळलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्या. मग सर्वांत जुने असे एकतृतीयांश सोट जमिनीपासून वीतभर ठेवून कापावे. उरलेल्यांचे शेंडे बाहेरच्या बाजूस पाहणाऱ्या डोळ्याच्या किंचित वर तिरका छेद देऊन उतरवावे. पुढील दोन वर्षे हाच क्रम. हत्यार धारदार व स्पिरिटने पुसलेले असावे. मोठ्या जखमांवर बोर्डो मलम लावावे.

कापलेल्या निरोगी फांद्यांतून पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या निवडून वाळूमिश्रित मातीत सावलीस लावाव्या. मूळ झाड दगावले तरी त्याचा वंश घरात राहतो. जुनी पाच पाकळ्यांची लाल जास्वंद ज्यांना प्रिय आहे, त्यांनी ही खबरदारी चुकवू नये. पांढऱ्या पिठ्या ढेकणाने भरलेले शेंडे मात्र खतखड्ड्यात न टाकता जाळावे.

आळ्यात दोन घमेली कुजलेले शेणखत घालून वर पालापाचोळा पसरावा व उन्हाळाभर ओल टिकवावी. युरियाचा हात आखडता ठेवावा, नाहीतर पाला माजतो आणि कळी रुसते. पाने पिवळी व शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, तर भिंतीलगत पुरलेल्या चुना-सिमेंटच्या राड्यारोड्याचा संशय घ्यावा. चुनखडीने मातीतले लोह मुळांना मिळेनासे होते. तो राडा उकरून तेथे चांगली माती भरावी.