बंद घरातील हवा : रेडॉन आणि वायुवीजन

आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थी आज अमेरिका, कॅनडा, इंग्लंड अशा थंड हवेच्या देशांत स्थिरावले आहेत. त्यांचे आईवडीलही काही महिने तेथे जाऊन राहतात. त्या घरांची रचना आपल्या घरांहून निराळी असते. भिंतींत उष्णतारोधक थर, दुहेरी काचांच्या खिडक्या, बहुधा खाली तळघर, आणि हिवाळाभर सारी दारेखिडक्या बंद. अशा घरात काय साठते आणि तेथील हवा ताजी कशी ठेवावी, हे त्यांना व येथील पालकांना ठाऊक असावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. इतिहासाच्या शिक्षकाने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. या विषयाचा इतिहास मोठा आहे आणि तो खाणीत राबणाऱ्या कष्टकऱ्यांपासून सुरू होतो, हे त्याचे उत्तर.

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात श्नीबर्ग येथे पूर्वापार चांदीच्या व इतर धातूंच्या खाणी होत्या. तेथील कामगार ऐन उमेदीत फुप्फुसाच्या विकाराने मरत. त्या भागातील वैद्य जॉर्जियस अ‍ॅग्रिकोला याच्या 1556 साली प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरील ग्रंथात अशा रोगांची नोंद आहे. खाणीत ताजी हवा सोडण्यासाठी वापरलेले भाते आणि पंखे यांचेही वर्णन त्यात आहे. हा रोग म्हणजे फुप्फुसातील घातक गाठ आहे, हे मात्र 1879 मध्ये हार्टिंग आणि हेसे या दोघांनी दाखविले. पुढे 1900 साली फ्रीडरिश डॉर्न याला रेडियममधून बाहेर पडणारा एक किरणोत्सर्गी वायू आढळला. तोच आजचा रेडॉन.

कारण कळले म्हणून कष्टकऱ्यांचे मरण लगेच थांबले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अण्वस्त्रांसाठी युरेनियमची मागणी वाढली आणि नवाहो या आदिवासी समाजातील पुरुष मोठ्या संख्येने खाणीत उतरले. त्या खाणींत वायुवीजनाची व्यवस्था अपुरी होती आणि धोक्याची कल्पना कामगारांना दिली गेली नव्हती. अनेकांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. नुकसानभरपाईचा कायदा झाला तो 1990 मध्ये. ज्ञान ग्रंथात असणे आणि ते ज्याला त्याची गरज आहे त्याच्या हाती पडणे, यांत किती अंतर असू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

हा वायू येतो कोठून? खडकांत व मातीत थोडेबहुत युरेनियम असतेच. त्याचा हळूहळू ऱ्हास होऊन रेडियम बनते आणि रेडियमपासून रेडॉन. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे 3.8 दिवसांचा, म्हणजे जमिनीतून वर येऊन घरात शिरण्यास त्याला पुरेसा अवधी मिळतो. उघड्यावर तो विरून जातो. घरात मात्र तळाच्या काँक्रीटमधील भेगा, नळांभोवतीच्या फटी यांतून तो आत ओढला जातो. हिवाळ्यात घरातील उबदार हवा वरच्या बाजूने निसटते, खाली दाब कमी होतो आणि घर जमिनीतील वायू शोषून घेऊ लागते. रेडॉनपासून पुढे तयार होणारे किरणोत्सर्गी कण श्वासावाटे फुप्फुसात बसतात आणि तेथील पेशींना इजा करतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार त्या देशात दरवर्षी सुमारे 21,000 मृत्यू यामुळे होतात. धूम्रपान करणाऱ्यास हा धोका कितीतरी पटींनी अधिक असतो.

धोका खाणीपुरता नाही, सामान्य घरातही तो असू शकतो, याकडे जगाचे लक्ष वेधले ते 1984 च्या डिसेंबरात. पेन्सिल्व्हानियातील लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंता काम करीत होते. किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्रातून जाताना त्यांच्यामुळे वारंवार धोक्याची घंटा वाजू लागली. शोध घेता असे दिसले, की ते कामावर येतानाच किरणोत्सर्गी कण अंगावर घेऊन येत होते. उगम त्यांच्या घरात होता. तेथील हवेत रेडॉनचे प्रमाण लिटरमागे सुमारे 2,700 पिकोक्युरी आढळले. अमेरिकेत 4 पिकोक्युरीला उपाय करावा असे सांगितले जाते. कुटुंबाला घर सोडावे लागले आणि दुरुस्तीनंतरच ते परतले. विशेष हे, की शेजारच्या घरात असे काही आढळले नाही. म्हणून शेजाऱ्याच्या घरावरून आपल्या घराचे अनुमान काढता येत नाही.

आता वायुवीजनाकडे वळू. 1973 च्या तेलसंकटानंतर थंड देशांत इंधन वाचविण्यासाठी घरे अधिकाधिक हवाबंद बांधली जाऊ लागली. इंधन वाचले, परंतु स्वयंपाकाची वाफ, माणसांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड, प्लायवूड व रंगांतून निघणारे वायू आतच कोंडले गेले. खिडकी उघडावी तर विकत घेतलेली ऊब बाहेर जाते. कॅनडातील रेजायना येथे 1977 मध्ये बांधलेल्या प्रायोगिक घरात यावर तोड काढली गेली. बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारे यंत्र त्या घरात बसविले होते.

या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. दोन पंखे असतात. एक वापरलेली हवा बाहेर टाकतो, दुसरा ताजी हवा आत घेतो. दोन्ही प्रवाह पातळ पडद्यांच्या थरांतून एकमेकांशेजारून जातात, पण मिसळत नाहीत. बाहेर उणे 10 अंश आणि घरात 20 अंश तापमान असेल आणि यंत्राने 70 टक्के उष्णता परत मिळविली, तर ताजी हवा सुमारे 11 अंशांवर येऊन खोलीत शिरते. जे यंत्र केवळ उष्णता परत देते त्यास एचआरव्ही म्हणतात. जे उष्णतेबरोबर काही अंशी ओलावाही देते-घेते ते ईआरव्ही. उन्हाळ्यात हीच क्रिया उलट चालते, म्हणून दमट हवेच्या प्रदेशात वातानुकूलित घरांनाही ईआरव्ही उपयोगी पडते. जाळ्या वेळोवेळी साफ करणे आणि हवा आत घेण्याचे तोंड वाहनांच्या धुरापासून दूर ठेवणे आवश्यक असते.

ईआरव्ही बसविले म्हणजे रेडॉनची चिंता मिटली, असा समज मात्र करून घेऊ नये. ताज्या हवेचे प्रमाण दुप्पट केले तर रेडॉन साधारण निम्मा होतो. प्रमाण मर्यादेच्या थोडे वर असेल तर हे पुरेल. ते कित्येक पटींनी अधिक असेल तर पुरणार नाही. तेथे तळाच्या काँक्रीटला भोक पाडून नळ बसवितात आणि पंख्याच्या साहाय्याने जमिनीतील वायू घरात शिरण्यापूर्वीच छपराच्या वर सोडून देतात. खरा उपाय हाच. ईआरव्हीतील दोन्ही प्रवाह समतोल असणेही महत्त्वाचे. नुसती हवा बाहेर फेकणारा पंखा घरातील दाब आणखी कमी करतो आणि रेडॉन उलट वाढू शकतो.

म्हणून पहिले पाऊल म्हणजे मोजणी. कोळशाच्या लहान डबीने काही दिवसांत प्राथमिक अंदाज मिळतो, तर तीन महिने ते वर्षभर ठेवायच्या साधनाने सरासरी अधिक विश्वसनीय कळते. राहत्या मजल्यांपैकी सर्वांत खालच्या मजल्यावर, स्वयंपाकघर व न्हाणीघर टाळून, हिवाळ्यात मोजणी करावी. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घनमीटरमागे 100 बेक्वेरेल ही संदर्भ पातळी सुचविली. अमेरिकेतील 4 पिकोक्युरी म्हणजे सुमारे 148 बेक्वेरेल.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी यातून काय घ्यावे? आपला बराचसा प्रदेश काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम कमी असते आणि आपली घरे बहुधा उघडी, वाऱ्याची. आपल्याकडील बंद हवेचे धोके वेगळे आहेत. खिडकी नसलेल्या खोलीतील चुलीचा धूर आयाबहिणींची फुप्फुसे पोखरतो. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचून माणसे दगावतात. हा वायूही रेडॉनप्रमाणे दिसत नाही आणि वासाने कळत नाही. आणि भिंतीवरचा नेहमीचा एसी बाहेरची हवा घेत नाही, आतलीच थंड करून फिरवतो, हे शहरातील पालकांनी लक्षात ठेवावे.

घर बंद करताना ताजी हवा कोठून येणार आणि वापरलेली कोठून जाणार, हे दोन प्रश्न प्रत्येकाने विचारावेत. परदेशी घर घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी खरेदीपूर्वीच रेडॉनची मोजणी मागावी, आणि घर आधीच घेतले असेल तर येत्या हिवाळ्यात ती करावी. खाणीतल्या माणसांना ही संधी कोणी दिली नाही. आपल्याला ती आहे.