चैत्रातील आठवड्याचा अंदाज आणि शेडवरील बेदाणा

चैत्र लागला की सांगली-तासगाव भागातील व्यापारी घरांत बाजारभावाच्या आधी हवामानाचा अंदाज वाचला जातो. द्राक्षांचा माल तेव्हा वाळवणीच्या शेडवर असतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडविलेले घड जाळ्यांवर पसरले की बेदाणा होण्यास साधारणतः पंधरवडा लागतो. या अवधीत पाऊस येऊन हवा दमट राहिली, तर मणी काळपट पडतात आणि दर उतरतो. शिजविलेली हळकुंडेही याच सुमारास उघड्यावर वाळत असतात.

या दिवसांत जमीन तापलेली असते. विदर्भापासून दक्षिणेकडे अनेकदा हवेच्या कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि समुद्रावरून बाष्प ओढले जाते. सकाळ निरभ्र, आणि चारच्या सुमारास गडगडाट, असे म्हणूनच घडते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या मोठ्या भागाला गारपिटीने झोडपले, ते वर्ष द्राक्षपट्टा विसरलेला नाही.

अंदाजातील शब्दांना ठरलेले अर्थ आहेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील फार तर चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. आपले गाव त्यातून सुटले, असा त्याचा अर्थ नव्हे. नेमके कोठे, हे आठवडाभर आधी सांगता येत नाही, एवढेच. पिवळा रंग लक्ष ठेवण्यास सांगतो, नारिंगी सज्ज राहण्यास, तर लाल तत्काळ कृती करण्यास. पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज बराच भरवशाचा असतो. सहाव्या-सातव्या दिवसाचा पुढील तारखेच्या धनादेशासारखा समजावा, हाती ठेवावा, पण त्यावर खर्च करू नये.

काही पेढ्यांवर नारिंगी इशारा दिसताच शेतकऱ्याला घाईने कमी भावात सौदा करावयास लावले जाते. हा व्यवहार कायद्यात बसत असेलही, शोभत मात्र नाही. पुढल्या हंगामात तोच शेतकरी दुसऱ्या पेढीची पायरी चढतो. त्यापेक्षा त्याला दूरध्वनी करून शेडच्या बाजूंचे प्लॅस्टिकचे पडदे सोडावयास सांगावे आणि तयार माल शीतगृहात हलविण्यास गाडी पाठवावी. वादळाचा पुढील तीन तासांचा तातडीचा इशाराही हवामान खाते देते. दुपारी तीननंतर दुकानातील एकाने तो पाहत राहावे.