‘खासगी’ आणि ‘दौलत’ : राजघराण्यांच्या खर्चावरील मराठी टीकेची परिभाषा

राजघराण्यांचे विशेषाधिकार, त्यांचा खर्च आणि त्या खर्चाचा हिशेब मागण्याचा प्रजेचा हक्क या विषयावरील मराठी लेखन विपुल आहे. त्याची दखल मात्र बहुधा पत्रकारितेच्या किंवा राजकीय चळवळींच्या इतिहासातच घेतली गेली. त्या टीकेची भाषा कशी घडली, तिने कोणत्या संज्ञा वापरल्या आणि त्या संज्ञांनी तिला कोठे अडविले, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाचाही आहे. प्रस्तुत लेखात त्या परिभाषेचा मागोवा काही ठळक प्रसंगांच्या आधारे घेतला आहे.

‘खासगी’ आणि ‘दौलत’ ही शब्दांची जोडी या सर्व चर्चेच्या मुळाशी आहे. दोन्ही शब्द अरबी-फारसी परंपरेतून मराठीत आले आणि मराठेशाहीच्या दफ्तरात रुळले. दौलत म्हणजे राज्य, त्याचा मुलूख व महसूल. खासगी म्हणजे सत्ताधाऱ्याच्या घराकडे लावून दिलेले उत्पन्न व त्यातून होणारा खर्च. होळकरांच्या घराण्यात ही विभागणी विशेष स्पष्ट होती. मल्हारराव होळकरांच्या विनंतीवरून 1734 मध्ये त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांकडून खासगी जहागीर मिळाली आणि पुढे तिचे उत्पन्न अहिल्याबाईंकडे आले. त्यांची देवालये, घाट व धर्मशाळा या खासगीतून झाल्या, दौलतीतून नव्हे, असे अभिमानाने सांगितले जाते. या सांगण्यात एक राजनैतिक निकष दडलेला आहे : आपल्या घरच्या पैशाने केलेला धर्म तोच धर्म. तथापि खासगीचे उत्पन्नही शेवटी गावांच्या महसुलातूनच येत होते, ही गोष्ट त्या अभिमानात झाकली जाते. खासगी हा शब्द खर्चाला मर्यादा घालणारा आहे आणि तोच हिशेबाला मज्जाव करणाराही आहे. पुढील दीडशे वर्षांची टीका या दुहेरी अर्थाशी झगडताना दिसते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही अधिकार आणि उत्पन्न यांच्या संबंधाचा खोल विचार आहे. वतनदारांना राज्याचे दायाद म्हणणारी त्यातील भूमिका प्रसिद्धच आहे. पण तो विचार राजाच्या बाजूने, त्याच्या हितासाठी केलेला आहे. राजाकडे बोट दाखविणारी भाषा मुद्रणाबरोबर आली. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’तून 1848 ते 1850 या काळात प्रसिद्ध झाली. राजे आणि सरदार यांच्या आळसावर व अज्ञानावर त्यांनी कठोर प्रहार केले. परंतु त्यांचा रोख राजाच्या नीतीवर आणि बुद्धीवर आहे, जमाखर्चावर नाही. उधळपट्टी हा त्यांच्या लेखी स्वभावदोष आहे. ती एका व्यवस्थेचा परिणाम आहे आणि त्यावर संस्थात्मक उपाय असू शकतो, असा विचार तेथे अजून आकार घेत नाही.

बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचे प्रकरण या दृष्टीने कसोटीचे ठरले. खंडेराव गायकवाडांनी चांदीच्या तोफा करविल्या होत्या. 1870 मध्ये गादीवर आलेल्या मल्हाररावांनी सोन्याच्या करविल्या. प्रजेच्या तक्रारी वाढल्या तेव्हा कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली 1873 मध्ये चौकशी आयोग नेमला गेला आणि महाराजांना कारभार सुधारण्यासाठी मुदत देण्यात आली. दादाभाई नौरोजी 1874 मध्ये दिवाण झाले, परंतु 1875 च्या आरंभीच त्यांनी पद सोडले. दरम्यान रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करविल्याचा आरोप महाराजांवर आला. त्यासाठी नेमलेल्या आयोगात तीन इंग्रज व तीन हिंदी सभासद होते. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या हिंदी सभासदांनी आरोप सिद्ध झाल्याचे मानले नाही. तरीही एप्रिल 1875 मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. त्यासाठी दिलेले कारण कुप्रशासनाचे होते.

मराठी टीकाकार येथे विलक्षण पेचात सापडला. महाराजांच्या कारभाराचे समर्थन करणे कठीण होते, पण त्यांना दूर करणारी सत्ता परकी होती. 1856 मध्ये अयोध्येचे राज्य कुप्रशासनाच्याच सबबीवर खालसा झाल्याची आठवण अद्याप ताजी होती. पुण्यातील सार्वजनिक सभेने आणि सुशिक्षित वर्गाने महाराजांची बाजू उचलून धरली, याचे कारण त्यांच्या गुणांत शोधण्यात अर्थ नाही. राजाच्या खर्चाचा प्रश्न उपस्थित केला की त्याचे उत्तर रेसिडेंट देणार, प्रजा नव्हे, हे तेव्हाचे वास्तव होते. परिणामी सोन्याच्या तोफांसाठी कोणी किती सोसले हा प्रश्न बाजूला पडला आणि गादीची अप्रतिष्ठा हा विषय पुढे आला. हा पवित्रा समजण्याजोगा असला तरी त्याची किंमत बडोद्याच्या रयतेने मोजली, हे आपल्या इतिहासलेखनात पुरेसे नोंदले गेलेले नाही.

कोल्हापूर प्रकरणात हाच पेच वेगळ्या रूपाने दिसतो. अल्पवयीन चौथे शिवाजी महाराज वेडे आहेत असे सांगून त्यांचा छळ होत असल्याची वार्ता ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी मांडली. त्यासाठी आधारभूत मानलेली पत्रे बनावट ठरली आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्या बदनामीबद्दल 1882 मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांपैकी 101 दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. या प्रकरणाची कथा पत्रकारांच्या त्यागाची म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र येथे राजा हा पीडित आहे, विशेषाधिकाराचा धनी नाही. टीकेचे लक्ष्य दिवाण आहे. अज्ञान राजाच्या नावाने चालणाऱ्या कारभारात प्रजेचे काय होते, हा प्रश्न या रचनेत शिरतच नाही.

तो प्रश्न अन्यत्र विचारला जात होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ या 1883 मधील ग्रंथात जोतीराव फुले यांनी शेतसाऱ्याचा पैसा कोठून येतो आणि कोठे जातो, असा थेट मार्ग धरला. त्यांचा रोख मुख्यतः सरकारी कामगार आणि भट-ब्राह्मण वर्ग यांच्यावर आहे, राजघराण्यांवर नाही. सयाजीराव गायकवाडांविषयी तर त्यांना आस्था होती. पण पद्धती महत्त्वाची आहे. 1888 मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा पुत्र, पुण्यातील एका मेजवानीस उपस्थित असताना फुले शेतकऱ्याच्या वेषात तेथे गेले आणि या देशाची खरी प्रजा कशी आहे ते राणीस कळवावे असे त्यांनी सांगितले. राजघराण्याला उद्देशून मराठी समाजाने केलेल्या टीकेत इतकी नेमकी कृती क्वचितच आढळेल. शब्दांआधी तो वेषच दोन खर्चांची तुलना करून दाखवीत होता.

विसाव्या शतकात या टीकेला कायद्याचा अडसर आला. संस्थानिकांविषयी अप्रीती पसरविणाऱ्या लेखनाला शिक्षा देणारा कायदा 1922 मध्ये झाला. मध्यवर्ती विधिमंडळाने त्या विधेयकास नकार दिला असता लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या विशेष अधिकाराने ते संमत केले. ब्रिटिश हद्दीत छापले जाणारे पत्र हाच संस्थानी प्रजेचा मुख्य आधार असल्यामुळे हा घाव वर्मी बसणारा होता. मलबार हिलवरील बावला खून प्रकरणानंतर (1925) तुकोजीराव होळकरांनी चौकशीस सामोरे जाण्यापेक्षा 1926 मध्ये गादी सोडणे पसंत केले. त्या वेळी वृत्तपत्रांना भरपूर मजकूर मिळाला, पण तो खुनाचा आणि प्रणयाचा. ज्या तिजोरीवर हे सर्व चालले होते तिच्याविषयी त्या मजकुराचा वाचक फारसा शहाणा झाला नाही. भानगडीची चव आणि हिशेबाची शिस्त या दोन गोष्टी एका लेखणीत सहसा नांदत नाहीत.

हिशेबाची शिस्त आली ती प्रजापरिषदांच्या लेखनातून. दक्षिणी संस्थानांतील प्रजेची चळवळ 1921 पासून संघटित झाली आणि सांगलीचे गणेश रघुनाथ अभ्यंकर यांच्यासारख्या कायदेपंडितांनी तिला युक्तिवाद पुरविला. राजाचा खर्च एकूण उत्पन्नाच्या ठरावीक हिश्शापुरता असावा, अंदाजपत्रक प्रसिद्ध व्हावे, त्यावर लोकनियुक्त सभेची संमती घ्यावी, अशा या मागण्या. इंग्लंडच्या राजाची नेमणूक पार्लमेंट ठरविते, 1760 पासून मुकुटाच्या जमिनींचे उत्पन्न सरकारी तिजोरीत जाते आणि बदल्यात राजाला ठरीव रक्कम मिळते, हा दाखला येथे फार उपयोगी होता. साम्राज्याचा धनी जो नियम पाळतो तो मांडलिकाने का पाळू नये, या प्रश्नाला राजनिष्ठ दरबाऱ्यांजवळ उत्तर नव्हते. या लेखनाची शैली रूक्ष आहे. वाङ्मयीन निवडसंग्रहांत ते येत नाही. तरीही स्वभावदोषाच्या भाषेकडून संस्थात्मक दोषाच्या भाषेकडे मराठी गद्य जे सरकले, ते या रूक्ष पानांतून. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 च्या राज्यघटनेने सत्ता प्रजेकडे सोपविली, तेव्हा या मागण्यांना एक राजाच साक्षीदार मिळाला.

ललित वाङ्मयाचे मौन मात्र नजरेत भरते. त्याचे एक कारण उघड आहे, आणि ते सांगताना आपण संकोचतो. मराठी ग्रंथव्यवहार, रंगभूमी आणि संमेलने यांना संस्थानी आश्रय होता. साहित्य संमेलन 1909 मध्ये बडोद्यास भरले आणि 1932 च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः सयाजीराव गायकवाडांनी भूषविले. त्यांचे वाङ्मयप्रेम, शिक्षणकार्य आणि दूरदृष्टी निर्विवाद आहेत. पण उदार दात्याच्या खर्चाची तपासणी आश्रित करीत नाही, आणि दात्याचे औदार्य प्रजेच्या महसुलातून आले असेल तर ग्रंथकारही त्या खर्चातील एक बाब ठरतो. या अंगाने ग्रंथांच्या अर्पणपत्रिकांचा अभ्यास व्हावयास हवा.

विलीनीकरणानंतर परिभाषेत एक नवे वळण आले. राजांना मिळणाऱ्या रकमेस मराठीत ‘तनखा’ म्हटले गेले. जुन्या महसुली लेखनात तनखा म्हणजे गावाचा ठरीव आकार, आणि फारसी मुळात पगार. सेवेशिवाय मिळणारी रक्कम पगाराच्या नावाने ओळखली जावी, यात मराठी भाषेची नकळत घडलेली टीका वाचता येते. पूर्वेकडील संस्थानांसाठी ठरलेल्या सूत्रानुसार सरासरी उत्पन्नाच्या पहिल्या लाखावर 15 टक्के, पुढील चार लाखांवर 10 टक्के आणि त्यावर साडेसात टक्के, कमाल दहा लाख, असा तनख्याचा हिशेब होता. मोठ्या संस्थानांना अधिक मिळाले : हैदराबादला वर्षास 50 लाख, बडोद्याला साडेसव्वीस लाख. राज्यघटनेच्या 291 व्या अनुच्छेदाने ही रक्कम करमुक्त ठेवली. प्रजापरिषदांनी जे प्रमाण मागितले होते ते अखेरीस मिळाले. मात्र जी सत्ता मर्यादित करण्यासाठी ते मागितले होते ती सत्ता तोवर संपलेली होती.

तनखे रद्द करणारे विधेयक सप्टेंबर 1970 मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि राज्यसभेत अगदी थोडक्यात फसले. राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यता काढण्यात आली. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1970 मध्ये माधवराव शिंद्यांच्या अर्जावर रद्दबातल ठरविला आणि अखेर 1971 मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने हा अध्याय संपला. त्या वादात एका बाजूने समतेची भाषा होती, दुसऱ्या बाजूने दिलेल्या वचनाची. दोन्हींत तथ्य होते.

खासगीचा प्रश्न त्यानेही मिटला नाही. होळकरांच्या खासगी मालमत्तांसाठी 1962 मध्ये विश्वस्त निधी स्थापन झाला होता. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाशी संबंधित मालमत्तेच्या विक्रीवरून वाद उद्भवला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने 2020 मध्ये या मालमत्ता राज्याच्या असल्याचे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये वेगळा मार्ग घेतला : हा निधी सार्वजनिक न्यास कायद्याखाली येतो, त्याने नोंदणी करावी आणि झालेल्या विक्रीव्यवहारांची तपासणी न्यासांच्या निबंधकाने करावी. 1734 मध्ये एका स्त्रीच्या नावे लावून दिलेल्या ‘खासगी’चे जमाखर्च अशा रीतीने प्रथमच सार्वजनिक अधिकाऱ्याच्या तपासणीखाली येण्याची वाट मोकळी झाली. निधीच्या नावात तो शब्द अजून तसाच आहे.